वच्छलाबाईंचा करंट

माझ्या सासूबाईंच्या हातची लांब रोटी ज्यानं खाल्ली नाही, त्याच्याशी मी लग्नाच्या जेवणावर चर्चाच करत नाही. उगाच तोंडाची वाफ कशाला दवडायची! बाहेरगावचे लोक तिला मटका रोटी म्हणतात आणि जेवायचं सोडून मोबाइलवर शूटिंग करत बसतात. त्यांचाही दोष नाही म्हणा, बघण्यासारखंच असतं ते. चुलीवर पालथं घातलेलं मडकं, खाली लाकडांचा जाळ, आणि परातीत आपटून, ताणून, पाण्याचे हबके मारून चिवट केलेली सैल कणीक. तिचा गोळा उचलायचा आणि या हातावरून त्या हातावर झुलवायचा. झुलता झुलता तो पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत पसरत जातो. शेवटी ओढणीइतकी पातळ झालेली ती रोटी दोन्ही हातांनी एकाच झटक्यात मडक्यावर टाकायची. एक हात जरा मागे राहिला की फाटली!

वच्छलाबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, उंचीनं बेताच्या, अंगानं काडी. आवाज मात्र मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत, ते बांगड्यांच्या वर मिरवतात. नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीत कुणाचंही लग्न असो, मांडवामागे दोन मडकी शेजारी शेजारी लागायची. एक सासूबाईंचं, दुसरं रंभाबाईंचं. रंभाबाई म्हणजे त्यांची जन्माची मैत्रीण, आणि भांडणंही जन्माचीच. दोघींच्या हातांना ठेका एकच. ही टाकते तोवर ती झुलवते, ती टाकते तोवर ही काढते. आणि तोंडं सारखी चालू! नवरीच्या मामीपासून नगरसेवकापर्यंत एकही सुटायचा नाही.

दोघींचा एक करार होता. घरच्या लग्नात घरच्या बाईनं चुलीपुढे उभं राहायचं नाही. तिनं जरीची साडी नेसून मिरवायचं, रोट्या दुसरीनं टाकायच्या. माझ्या लग्नात रंभाबाईंनी एकटीनं टाकल्या आणि घाम पुसत म्हणाल्या, "आता माह्या धर्मेंद्रच्या लग्नात तू टाकजो वं वच्छला." धर्मेंद्र त्यांचा एकुलता एक मुलगा. तेव्हा शाळेत होता. पुढं त्यानं मुली पाहण्यातच तरुणपण घालवलं. ही नको, ती नको. करार आपला लोंबकळत राहिला.

आणि मध्येच सासूबाईंच्या रोट्या फाटायला लागल्या. दर वेळी उजव्याच बाजूनं. त्यांनी आधी गव्हाला शिव्या घातल्या, मग गिरणीवाल्याला, मग मला, कारण कणीक मी चाळली होती. एका हळदीच्या जेवणात उजवा हात झुलवता झुलवता अर्ध्यातच थांबला आणि सगळी कणीक जाळात गेली. पुढं तो हात मांडीवर ठेवला तरी थरथरायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, पार्किन्सन. मेंदूत हालचालीसाठी लागणारं एक रसायन कमी पडतंय.

गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी चालणं सुधारलं, साडी नेसता येऊ लागली, थरथर बरीच कमी झाली. पण रोटी काही येईना. तिला दोन्ही हात एका वेळी, एका वेगानं लागतात, आणि उजवा हात आता सरकारी कचेरी झाला होता. हुकूम पोचायचा, पण काम त्याच्या सवडीनं! सासूबाईंनी मडकं माळ्यावर टाकलं.

त्या दिवसापासून माझ्या सासऱ्यांनी, रुपरावांनी, लांब रोटी खाणं सोडलं. लग्नात ताटात आली तर बाजूला सारायचे आणि भात मागायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "दातानं तुटत नाही." लांब रोटी दातानं तुटत नाही म्हणणारा माणूस एक तर खोटं बोलतो, नाही तर त्याला दात नसतात. सासऱ्यांचे सगळे दात शाबूत आहेत.

हे रुपराव हिंगण्याला ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात होते. कंपनीच्या बसनं गेले, कंपनीच्या बसनं आले, असं करता करता रिटायर झाले. माणूस कमी बोलणारा, पण बोलायला लागले की विषय ट्रान्सफॉर्मर. मी या घरात आल्यापासून वरणभाताबरोबर वाइंडिंग, टाकी आणि टाकीतलं तेल ऐकत आले आहे. मी शाळेत मराठी शिकवते, मला काय करायचं होतं त्याचं! पण कान बंद करता येत नाहीत ना.

यंदा एप्रिलच्या उन्हात रंभाबाई पेढे घेऊन आल्या. "जमलं वं वच्छला! धर्मेंद्रचं जमलं! पोरगी तुमसरची आहे. मे महिन्यात लगन!"

सासूबाई टाळ्या वाजवायला गेल्या आणि उजवा हात उशिरा पोचला. रंभाबाईंनी ते पाहिलं. नजर चटकन खिडकीकडे वळवून म्हणाल्या, "रोट्याईसाठी मी दुसरी बाई पाह्यते. तू काई टेन्शन घेऊ नको."

"काहून? मी मेली काय?" सासूबाई कडाडल्या. "शबूद देला होता मी. रोट्या मीच टाकीन. तू जरीची साडी नेसून मिरव."

रंभाबाई गेल्या. सासूबाईंनी पेढा न खाता डब्यात ठेवला. मग मला म्हणाल्या, "वंदना, एक तरी रोटी साबूत पडली पायजे वं माह्या हातून. एक पडली तं बी रंभीपुढं जायले तोंड राहीन."

बस! ती एक रोटी माझ्या डोक्यात बसली. परीक्षा संपल्या होत्या, मला सुटी होती. त्यांना गाडीवर बसवलं आणि डॉक्टर गोपिकांकडे घेऊन गेले. सासरे मागून त्यांच्या गाडीवर आले. डॉक्टर गोपिका मेंदूच्या डॉक्टर, वयानं माझ्याहून लहान, बोलायला एकदम मोकळ्या.

"मावशी, एक उपचार करून बघता येईल," त्या म्हणाल्या. "त्याचा अजून अभ्यास चालू आहे, हे आधीच सांगते. कापाकापी नाही, सुई नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर पट्ट्यानं बांधायचे आणि त्यातून अगदी बारीक करंट सोडायचा. वीस मिनिटं. मुंग्या येतील, थोडी खाज येईल. त्यानं मेंदूचा हालचालीचा भाग जरा हुशार होतो, आणि त्याच वेळी हाताला सराव दिला तर तो जास्त मुरतो, असं दिसतंय. काहींना फायदा होतो, काहींना होत नाही. आजार यानं जात नाही. गोळ्या चालूच ठेवायच्या."

एवढ्या बोलण्यातून सासूबाईंनी एकच गोष्ट ऐकली, की हाताला फायदा होऊ शकतो. "आजच लावता काय?" त्यांनी विचारलं.

सासऱ्यांनीही एकच गोष्ट ऐकली. करंट. "किती अँपियर?" ते एकदम म्हणाले.

"दोन मिलिअँपियर, काका. बॅटरीवर चालतं."

सासऱ्यांनी मान हलवली. पण त्या दिवशी जेवताना ट्रान्सफॉर्मर निघाला नाही. तिथंच मला समजायला हवं होतं.

उपचार सुरू झाला. यंत्र कसलं, साबणाच्या डबीएवढी डबी! नियम एकच, केस धुऊन यायचं आणि तेल लावायचं नाही. सासूबाई रोज सकाळी डोक्यावरून आंघोळ करून, केसांचा सैल अंबाडा घालून निघायच्या. पट्टा बांधला की डबीवर हिरवा दिवा लागायचा. आम्ही सगळे श्वास रोखून बघायचो, आणि थोड्याच वेळात दिवा लाल! टीं टीं टीं! करंट पोचत नाही. स्पंज पुन्हा भिजवा, टाळू स्पिरिटनं पुसा, पट्टा आवळा. हिरवा. मग परत लाल. टीं टीं टीं! माझ्या तर स्वप्नातही ती डबी बोंबलायला लागली.

"मावशी, तेल लावलं होतं का?" डॉक्टर गोपिका विचारायच्या.

"नाई ना वं," सासूबाई पंख्याकडे बघत म्हणायच्या. त्यांच्या केसांनी लहानपणापासून इतकं तेल प्यायलं होतं की धुतले तरी ते चकाकायचे. मला शंका आली नाही.

असं दिवसामागून दिवस चाललं. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "सोमवारी अजून एकदा बघू. नाही जमलं तर थांबवू, मावशी. उगाच तुम्हाला उन्हात त्रास."

परतताना सासूबाई गाडीवर मागं बसून माझ्या पाठीशी बोलत होत्या. "माह्यं डोस्कंच करंट घेत नाही वं. निकामी झालं." कोपरापर्यंत भाजलं तरी ज्या बाईनं कधी हूं केलं नाही, ती माझ्या ओढणीला डोळे पुसत होती. मला असा राग आला! कुणाचा, ते कळत नव्हतं. डबीचा, उन्हाचा, धर्मेंद्रचा. मेल्यानं दोन वर्षं आधी लग्न केलं असतं तर सासूबाईंचा हात यापेक्षा तरी बरा होता!

सोमवारी सकाळी मी तोंडाला स्कार्फ बांधून तयार झाले आणि गाडीची किल्ली शोधत मागच्या अंगणात गेले. पाहते तर काय! सासूबाई स्टुलावर बसलेल्या, केस नुकते धुतलेले, आणि मागं उभे सासरे. एका हातात एरंडेलाची बाटली, दुसऱ्या हाताचा अंगठा सासूबाईंच्या टाळूवर गोल गोल फिरतोय. अगदी हळू, मन लावून. तेल जिरलं की खांद्यावरच्या नॅपकिननं वरचे केस टिपून घेत होते, दिसू नये म्हणून!

"बाबा! हे काय करून राहिले तुम्ही?"

बाटली हातातून सुटता सुटता वाचली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले, जसं काही त्या तिथं नव्हत्याच.

"गरमी चढते ना वं," सासरे पुटपुटले.

"कसली गरमी?"

"करंट जाऊन राहिला तिच्या डोस्क्यातून! करंटानं तांब्याची वाइंडिंग जळून जाते. मानसाचं डोस्कं काय चीज आहे? अन् वरून हे ऊन. टाळूवर तेल पायजेच."

"डॉक्टरांनी तेल नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"मी म्हटलं होतं याईले," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "तं म्हणे, तुले काई झालं तं मी काय करू? मंग मी बसली चूप."

मग मात्र माझी सटकली. रोज सकाळी हा उद्योग! तिकडे डबी बोंबलतेय, डॉक्टर डोकं खाजवताहेत, ही बाई स्वतःला निकामी समजून रडतेय, आणि इकडे हे मालिश! "बाबा," मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत तेल कशाले टाकतात?"

"थंड ठेवाले." उत्तर तयारच होतं.

"फक्त थंड ठेवाले?"

"नाई नाई. तेलाचं दुसरं काम करंट अडव..."

आणि ते थांबले. बाटलीकडे पाहिलं. सासूबाईंच्या टाळूकडे पाहिलं. परत बाटलीकडे पाहिलं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी ज्यांनी तेलाची दोन्ही कामं सांगितली असती, ज्यांनी ती आम्हाला जेवताना शंभरदा ऐकवली होती, त्यांना बायकोच्या डोक्यापाशी आल्यावर एकच काम आठवलं होतं. त्यांचा चेहरा इतका उतरला की माझा राग जागच्या जागी विरला.

"भैताडच आहो मी," ते म्हणाले.

"त्यात नवीन काय आहे?" सासूबाई म्हणाल्या आणि फसकन हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या!

त्या सकाळी रिठा आणि शिकेकाई सासऱ्यांनी स्वतः उकळली. स्वतः डोकं धुतलं. एकदा धुतलं, बोटानं पाहिलं, परत धुतलं. सासूबाई ओरडत होत्या, "अवो, केसं ठेवता का नाही?" मी दवाखान्यात फोन करून सांगितलं की उशीर होतोय, पण येतोय, सोडू नका आम्हाला! गाडी इतकी पळवली की सक्करदऱ्याच्या चौकात पोलिसानं शिट्टी मारली. मी थांबले नाही.

पट्टा बांधला. हिरवा दिवा. सासरे भिंतीला टेकून उभे, हात स्वतःच्याच डोक्यावर. माझी नजर डबीवरून हलेना. हिरवा. अजून हिरवा! आता टीं करेल, आता करेल. नाही केलं! डॉक्टर गोपिका खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

"मुंग्या!" सासूबाई एकदम ओरडल्या. "मुंग्या आल्या वं! लाल मुंग्या!"

मुंग्या आल्या म्हणून इतका आनंद झालेलं कुटुंब त्या दवाखान्यानं पाहिलं नसेल. मी टाळ्या वाजवल्या. सासरे सारखं विचारत होते, "गरम लागते काय? गरम लागते काय?" आणि सासूबाई म्हणत होत्या, "नाही हो, चूप बसा."

"आता सराव," डॉक्टर म्हणाल्या. "हातानं काय करायचंय तुम्हाला, मावशी?"

सासूबाईंनी मला डोळ्यानं खूण केली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही स्टीलच्या डब्यात कणीक आणि मडक्याऐवजी पालथी घालायला बादली नेऊ लागलो. डोक्याला पट्टा, कमरेला डबी, आणि सासूबाई दवाखान्यात रोटी झुलवताहेत! पहिल्या दिवशी कणीक जमिनीवर. नंतर एकदा डॉक्टरांच्या चपलेवर. पण मग उजवा हात वेळेवर यायला लागला. रोज नाही, मधूनच. आला की सासूबाई त्याला शाबासकी द्यायच्या, नाही आला की रंभाबाईंना घालायच्या तसल्या शिव्या त्यालाही घालायच्या. कणीक मनगटापर्यंत पोचली. मग एक दिवस कोपराच्या जवळ! बाकीचे पेशंट दाराशी येऊन उभे राहायचे.

"यात करंटचं किती आणि सरावाचं किती, ते मी सांगू शकत नाही," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाल्या. "आणि किती टिकेल तेही."

"दोघाईले अर्धं अर्धं देऊन टाका," सासूबाई म्हणाल्या.

पण खरं सांगते, लग्नाच्या दिवसापर्यंत एकही रोटी साबूत पडली नव्हती. बादलीवर शेवटच्या झटक्याला उजवी बाजू फाटायचीच.

दुपारचं लग्न. मे महिन्यातलं नागपूर, मांडवात कूलर घरघरताहेत, मांडवामागे चूल पेटलेली. सासऱ्यांनी माळ्यावरून काढलेलं मडकं स्वतः पालथं घातलं. शेजारी सवयीनं दुसरंही लागलं होतं, रिकामं. सासूबाईंनी गोळी वेळेवर घेतली, पदर खोचला आणि पहिला गोळा उचलला. रोटी झुलली, पसरली, आणि झटक्याला उजवा हात राहिला. फाटली. दुसरी उचलली. ती सरळ जाळात! वाढपी थांबून बघायला लागले. तिसरा गोळा सासूबाईंनी हातात घेतला खरा, पण हात हलेनात. अगदी गप्प उभ्या.

तेवढ्यात माणसं बाजूला झाली आणि रंभाबाई आल्या. जरीची साडी, नाकात नथ, गजरा. आल्या तशा पदर खोचून दुसऱ्या मडक्यापुढं उभ्या राहिल्या आणि कणकेत हात घातला.

"अवं, तू नवरदेवाची माय!" सासूबाई म्हणाल्या. "करार काय होता?"

"गेला करार चुलीत. तू चूप काहून हायेस? चूप राहून तुह्यानं कधी रोटी झाली होती काय?" रंभाबाईंचे हात झुलायला लागले. "नवरीच्या मामीनं काय नेसलं, पाह्यलं?"

"नाई. काय नेसलं?"

"मच्छरदानी!"

सासूबाई हसल्या, आणि हसता हसता हात सुरू झाले. "अन् तो काका? त्याचा फेटा पाह्यला काय?" इकडची कणीक मनगटावर, तिकडची मनगटावर. रंभाबाईंनी टाकली, सासूबाईंची कोपरापर्यंत आली. उजवा हात, माझी शपथ, उजवा हात डाव्याच्या बरोबरीनं येत होता! मी तोंडावर हात दाबून धरला. एक झटका, आणि अख्खी रोटी मडक्यावर! कुठं भोक नाही, कुठं चीर नाही!

"पडली!" रंभाबाई किंचाळल्या. मी किंचाळले. वाढपीही किंचाळले, त्यांना काय कळलं होतं कोण जाणे. सासूबाई मात्र रोटीकडे बघत होत्या, कारण ती क्षणात करपते. त्यांनी ती सोलून काढली, घडी घातली, आणि मान वळवून सासऱ्यांना शोधलं. ते खांबाआड उभे होते.

"घ्या," त्या म्हणाल्या. "बिनातेलाची आहे."

सासऱ्यांनी ती दोन्ही हातांत घेतली. आमरसाची वाट पाहिली नाही, ताटाचीही नाही. उभ्या उभ्या कोरडीच खायला लागले.

"तुटते काय दातानं?" सासूबाईंनी पुढचा गोळा उचलत विचारलं.

त्यांच्या तोंडात घास होता, डोळे भरले होते. त्यांनी नुसती मान डोलावली आणि दुसरीसाठी हात पुढे केला. त्या दिवशी त्यांनी भात मागितलाच नाही.